मित्राची नोकरी गेली तर: कागद, तांदूळ आणि जामीनकी

लोट्या-महाडच्या कारखान्यात नाहीतर मुंबईला एखाद्याची नोकरी गेली की बातमी त्याच्याआधी कोकणातल्या वाडीत पोचते. मग फोन सुरू होतात आणि प्रत्येक फोनच्या शेवटी 'काय लागलं तर सांग हां' हे वाक्य येतं. तो सांगत नाही. सांगणार तरी काय? येत्या महिन्यात आपल्याला नेमकं काय लागणार हे त्यालाच अजून उमगलेलं नसतं. म्हणून मित्रांनी विचारत न बसता एकेक काम वाटून घ्यावं, आणि तेही दिवस ठरवून: 'शनिवारी सकाळी येतो, पीएफचे कागद काढून ठेव.' अशा वाक्याला नाही म्हणायला माणसाला जड जातं, आणि तेच आपल्याला हवं असतं.

पहिला आठवडा कागदांचा. हिशेबाला पक्का असा एक मित्र शेजारी बसला तर निम्मा भार उतरतो. ऑफिसचा ईमेल आणि पगारपावत्यांचं अ‍ॅप बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच बंद होतं. त्याआधी गेल्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, नेमणूकपत्र, फॉर्म १६ आणि शिल्लक रजेचा आकडा स्वतःच्या ईमेलवर पाठवून घ्यायचा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि अंतिम हिशेबाचा तपशील मागायचा तो लेखी. तोंडी मागितलेला कागद महिनोन्‌महिने येत नाही.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते एका सहीने. कंपनी माणसं कमी करत असते, आणि 'राजीनामा लिहून दे, रेकॉर्ड चांगलं राहील' असं सांगितलं जातं. कायद्याच्या व्याख्येत कामगार असलेल्या आणि सलग वर्षभर काम केलेल्या माणसाला कपातीत काढलं, तर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. त्याने स्वतःहून राजीनामा दिल्याचा कागद झाला की हा दावा सिद्ध करणं फार अवघड होऊन बसतं. तेव्हा मित्राचा फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारा: कशावर सही केलीस? केली नसेल तर 'घरी वाचून उद्या देतो' एवढंच म्हणायला सांगा. 'माझी सर्व देणी मिळाली' अशी पावती पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय द्यायची नाही. शंका असेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात सोबत जा. एकटा माणूस तिथल्या बाकावर तासभर बसून परत येतो, दोघे असले की निदान टेबलापर्यंत पोचतात.

ठरावीक मुदतीच्या करारावर नसलेल्या माणसाची सलग पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जो आकडा येईल, त्याला १५ ने गुणायचं, सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि २६ ने भागायचं. १८,००० रुपये आणि सात वर्षं असतील तर सुमारे ७२,७०० रुपये. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. रक्कम ३० दिवसांत द्यायची असते. आपल्याकडच्या एमआयडीसींमध्ये बरेच जण ठेकेदाराच्या पटावर असतात, तिथे अडचण वेगळी. गेट तेच, मशीन तेच, पण दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदललेला असतो. पीएफचं पासबुक उघडून कोणत्या महिन्यात कोणाच्या नावाने भरणा झाला ते आधी उतरवून काढा. त्या कागदाशिवाय पाच वर्षांची सेवा सिद्ध करणं अवघड जातं.

पीएफचा अर्ज अडतो तो बहुधा तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते. शेवटच्या भरण्याला दोन महिने झाले की सदस्याला स्वतःच्या लॉगिनमधून ही तारीख टाकता येते, आधारच्या ओटीपीवर. दुसरं, तो ओटीपी येतो जुन्या सिमवर, जे कधीच बंद झालेलं असतं. त्यासाठी आधारला जोडलेला नंबर बदलून घ्यावा लागतो, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात उरकायचं. तिसरं, नाव किंवा बँक जुळत नाही. बाईमाणसाचं आधारवर सासरचं नाव आणि पीएफवर माहेरचं. खातं सिंडिकेट बँकेचं असेल तर ती २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, विजया आणि देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात. जुना आयएफएससी कोड तसाच राहिला की पैसे परत जातात.

पीएफ सगळा काढून टाकण्याची घाई मात्र मित्रांनी रोखावी. सेवा पाच वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर पॅन दिलेला असूनही १० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. पीएफसोबतच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षं झालेल्याने पेन्शनचा हिस्सा काढून घेतला की ती वर्षं गेली. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनच्या सेवेचा दाखला, घेतलं तर पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात.

आता पैशांचं. हा विषय मित्रांमध्ये सर्वांत नाजूक, म्हणून यात भीड ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. उसने द्यायचे तर परत आले नाहीत तरी आपलं घर चालेल एवढेच द्या, बँकेतून द्या आणि रक्कम व परतीचा महिना दोघांच्या मेसेजमध्ये राहू द्या. २०,००० किंवा त्याहून मोठी रक्कम रोखीने उसनी घेणं आयकराच्या नियमातही बसत नाही. घरात सोनं असेल तर ते विकण्यापेक्षा पतसंस्थेत किंवा बँकेत तारण ठेवणं बरं, पण व्याज भरायची तारीख मित्रानेही आपल्या फोनमध्ये लावून ठेवावी.

जामीनकीचं वेगळं आहे. 'फक्त सही पाहिजे रे' असं म्हणत पतसंस्थेचा अर्ज पुढे येतो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकलं की संस्था आधी कर्जदाराच्या मागे लागेलच असं नाही, थेट जामीनदाराच्या पगारावर येऊ शकते. ते पूर्ण कर्ज आपण फेडू शकत असू तरच सही करा. नाहीतर सरळ सांगा, 'जामीन राहत नाही, पण तुझ्या घराचा तीन महिन्यांचा किराणा माझ्याकडे.' हे ऐकायला कडू वाटतं, पण दोन घरं एकदम बुडण्यापासून वाचतात.

भिशी असेल तर गट मोठी मदत करू शकतो. दहा जण, महिना २,००० रुपये, म्हणजे दरमहा २०,००० एकाच्या हातात. या महिन्याची भिशी त्याला द्यायला कोणी ना म्हणत नाही. चूक होते ती पुढे: उचल घेतल्यावर उरलेले महिने त्याला दर वेळी २,००० भरायचेच असतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तोंड लपवायची वेळ येते. म्हणून उचल देतानाच पुढच्या तीन महिन्यांचे ६,००० त्यातून बाजूला काढून भिशी सांभाळणाऱ्याकडे ठेवायचे. हातात १४,००० येतात, पण मान राहते. घराच्या किंवा गाडीच्या कर्जाचा हप्ता असेल तर तो चुकण्याआधी बँकेत जा. हप्ता परत गेला की दंड लागतो, पत उतरते, आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचं बोलणं तिथून पुढे कठीण होतं.

घरच्या बाबतीत कोकणात हंगामच काम सुचवतो. नोकरी मार्च ते मे मध्ये गेली असेल तर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी हीच खरी मदत. चार माणसांच्या घरात दोन्ही वेळ भात असेल तर महिन्याला ३५ ते ४० किलो तांदूळ लागतो. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे चौघांचं २० किलो. उरलेला पंधरा-वीस किलोंचा खड्डा चार महिने कोण भरणार ते मित्रांनी आपसात ठरवावं. कुणाच्या घरचं भात गिरणीवरून येत असेल तर एक पोतं परस्पर उतरवावं. सुकट, सोडे, बोंबील मे महिन्यातच द्या, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. वर दोन कडक उन्हं देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं नाही तर आषाढात बुरशी धरते. आमसुलं, चिंच, मीठ, चुलीची लाकडंही आलीच. हे सगळं देताना त्याच्या आईच्या हातात द्यावं, ओटीवर चार माणसं बसलेली असताना नाही.

घर शाकारणं हे दुसरं काम. मजुरी वाचवायला तो एकटाच छपरावर चढेल, ते होऊ देऊ नका. दोघे खाली, एक वर. वर चढणाऱ्याने पाय वाशाच्या रेषेवर ठेवायचा, नुसत्या रीपेवर भार दिला की ती मोडते. वानरांनी फोडलेली कौलं बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा आणि दहा-पंधरा जादा कौलं पडवीत रचून ठेवायची, कारण जूनमध्ये एखादं फुटलं की दुकानातून आणेपर्यंत भिंत भिजते.

रेशनकार्डावर घरातल्या सर्वांची नावं आहेत का हेही बघा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधार लागतं, आणि नवीन सुनेचं किंवा लहान मुलाचं नाव कार्डावर नसणं ही नेहमीची अडचण आहे. तहसीलच्या खेपा मित्राने केल्या तरी चालतं.

एक गोष्ट मला फार सलते. गावी परतलेला माणूस 'रिकामाच आहे' म्हणून सगळ्या वाडीचा ड्रायव्हर होतो. कोणाला चिपळूणला डॉक्टरकडे ने, कोणाचं बँकेचं काम, कोणाच्या आंब्याच्या पेट्या स्टॅंडवर. दिवस जातो, अर्ज राहतात, पेट्रोल त्याचंच. सकाळी नऊ ते बारा त्याची वेळ मोकळी ठेवायची आणि 'आता त्याला नको, मी नेतो' असं मित्रांनीच सांगायचं. कलमांच्या कामाला किंवा पॅकिंगला बोलावलं तर चालू मजुरी द्या, तीही त्याच संध्याकाळी. बाईची नोकरी गेली तर याहून वाईट होतं. 'बरं झालं, आता घराकडे बघ' म्हणतात आणि तिने पुन्हा शोधायला लागावं हे कोणाच्या मनातही येत नाही. तिच्या मैत्रिणींनी रोज दोन तास मुलं आपल्या घरी नेली तर तिचे अर्ज जातात. बाकी कागद अगदी तेच, पीएफ तोच.

ऑनलाइन मुलाखत गावातून द्यायची तर जागा आधी ठरवा. पत्र्याखाली जुलैच्या पावसात समोरच्याला एक शब्द ऐकू जात नाही. स्लॅबचं घर, फायबरचं इंटरनेट आणि इन्व्हर्टर असलेला मित्र वाडीत कोण आहे ते बघा. आदल्या दिवशी त्याच वेळेला एक व्हिडिओ कॉल करून पाहा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला फोन शेजारी ठेवा, कारण लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. मुंबईत मुलाखत असेल तर आदल्या रात्रीच्या गाडीवर भरवसा ठेवू नये. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात, दरड आली तर अडकतात. एक दिवस आधी निघायचं आणि दिवा-डोंबिवलीच्या मित्राने झोपायला जागा, सकाळी इस्त्रीचा शर्ट आणि डबा बघायचा.

घाईत फसवणूक जवळ येते. नोकरी देणारा 'नोंदणी फी' मागत असेल तर तिथेच थांबा. आखाती देशात जायचं असेल तर एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. जहाजावरच्या नोकरीसाठी संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे भरती परवान्याचा, क्रमांक हवा, आणि बोटीवर लावायचे म्हणून पैसे घेणं नियमातच बसत नाही.

बोलण्यात चौकशी कमी ठेवा. 'झालं का काही?' हे रोज नाक्यावर विचारू नये, काही झालं की तो सांगतोच. पण झोप गेली, जेवण तुटलं, एकटाच बंदरावर जाऊन बसायला लागला, पिणं वाढलं, तर गप्प राहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही असं तो बोलला तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका आणि घरच्यांना सांगा.

नवी नोकरी लागली की मित्र मोकळे होतात, ते जरा लवकर होतं. रुजू झाल्यापासून पहिला पूर्ण पगार हातात पडेपर्यंत महिना-सवा महिना जातो. त्यात मुंबई-पुण्याला खोलीचं डिपॉझिट, रेल्वेचा पास, खानावळ. हाच महिना सर्वांत ओढीचा. उसन्याची परतफेड दुसऱ्या पगारापासून धरा आणि गावच्या घरी तांदूळ तोवर चालू ठेवा.