काळी गाय

११ मे २०२४, शनिवार

आतेच्या बोटावरची मंगळवारच्या मतदानाची शाई अजून काळीभोर आहे. आमचं डोंबिवलीचं मतदान वीस तारखेला, तोवर मला परतायचंय. म्हणजे हातात आठवडा आणि पुढ्यात आजोबांची पत्र्याची ट्रंक. गेल्या पावसात माळ्यावरचा एक नळा, म्हणजे छपराचं कौल, सरकला, पाणी नेमकं ट्रंकेवर गळलं आणि कोपऱ्यातल्या एका गठ्ठ्याचा लगदा झाला. उरलेलं या पावसाच्या आत बाहेर काढते, असं बाबांना कबूल करून आले. बाबा स्वतः आले नाहीत. गुडघे.

आते सगळं आमसुलांसारखं खळ्यात उन्हात पसरायला निघाली होती. उन्हाने शाई उडते म्हणून सांगितलं, तेव्हा पडवीत चादर अंथरून दिली आणि उगवत्या बाजूची खिडकी उघडली. रबरबँडं कागदाला चिकटून कडक झालेली. टाचण्यांच्या जागी गंजाचे तपकिरी ठिपके. एक गठ्ठा मात्र सुतळीत बांधलेला आणि आत वेखंडाचे तुकडे, त्याला कसर शिवलेली नाही. ते आजोबांनी केलं असणार. गिरणीत साच्यावर होते, सूत आणि सुतळी यांच्याबद्दल त्यांना आदर होता.

आजोबा १९४८ च्या सुमारास मुंबईला गेले. लालबागच्या एका चाळीत गाववाल्यांच्या खोलीत राहायचे, जेवण खानावळीत. आजी इथे, शेत, गोठा आणि सासू सांभाळत. तिची पत्रं तिकडे जात, त्यांच्या मनीऑर्डरी इकडे येत. गिरणी संपानंतर आजोबा कायमचे गावी आले ते ही ट्रंक घेऊन, म्हणून तिची पत्रं परत तिच्याच घरात आली. त्यांच्या मनीऑर्डरींच्या चिटोऱ्या तिने देवघराखाली बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. फॉर्मच्या खालचा तो तुकडा पोस्टमन फाडून द्यायचा, त्यावर दोन-तीन ओळी मजकुराला जागा असे. "रु. ३० पाठविले आहेत. वाण्याचे द्यावे. पावसाआधी नळे परतून घ्यावेत." शेवटची चिटोरी जानेवारी १९८२ ची. १८ जानेवारीला संप सुरू झाला, त्यानंतर डब्यात काही नाही. ट्रंकेतही १९८३ नंतर काही नाही. दोघं एका घरात राहायला लागली आणि लिहिण्याचं कारणच उरलं नाही. म्हणजे माझ्याकडे जे आहे ते सगळं त्यांच्या ताटातुटीचं. एकत्र राहिले त्या तेरा-चौदा वर्षांचा एक कागद नाही.

१२ मे, रविवार

आज फक्त वर्षं लावली. आजीच्या पत्रांवर तारीख क्वचितच, असली तर तिथी. पोस्टाचे शिक्के अर्धे पुसलेले. पण पत्ता फार बोलतो, हे आज कळलं. नुसतं "मुंबई १२" असेल तर जुनं. "४०० ०१२" असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं, कारण पिन कोड तेव्हा आला. उलट दिशेने, "ता. मालवण, जि. रत्नागिरी" असेल तर १ मे १९८१ च्या आधीचं, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी झाला. (लोक नंतरही सवयीने रत्नागिरीच लिहीत, ही गोष्ट वेगळी. आते अजून लिहिते.) कार्डावर "नये पैसे" छापलेलं असेल तर १९५७ नंतरचं आणि साठीच्या मधल्यापर्यंतचं. अशा खुणांनी दुपारपर्यंत नव्वदेक कार्डं पाच ढिगांत बसली.

एका आंतरदेशीयाला मात्र चौकोनी भोक आहे. छापील तिकीट कोणीतरी कात्रीने नीट कापून नेलंय. कोणीतरी म्हणजे मी. चौथी-पाचवीत तिकिटं जमवायचं वेड होतं, मे महिन्यात इथे आले की आजी मला ट्रंक उघडून द्यायची. तिकिटाच्या मागे मजकूर असतो हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आज वाचलं तर ओळ अशी: "थोरल्या काकांनी जमिनीचे", मग भोक, मग "म्हणून मी काही बोलले नाही." जमिनीचं काय केलं थोरल्या काकांनी? सगळ्या खानदानाला जे हवंय ते माझ्या तिकिटांच्या वहीत चिकटवलेलं होतं आणि ती वही एका घरबदलीत रद्दीत गेली.

१३ मे, सोमवार

फोटो अकरा. एवढेच.

आजोबांचा एक, परळच्या स्टुडिओतला. मागे रंगवलेला जिना आणि कारंजं, अंगात कोट. कोट स्टुडिओचाच असणार, बाह्या बोटांपर्यंत आल्यात. कडांना चांदी वर येऊन निळसर चकाकी आली आहे, ती पुसायची नसते. बाकी लग्नांचे घोळके. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहायला घेतली. बॉलपेन दाबलं की पुढच्या बाजूला वळ उमटतो. आते एकेका चेहऱ्यावर बोट न टेकवता, वरच धरून सांगत गेली. तिसऱ्या फोटोतल्या डावीकडच्या दोन बायका तिलाही आठवल्या नाहीत. त्या आता गेल्याच.

आजीचा भिंतीवरचा फोटो आतून काचेला चिकटलाय. ओढला तर चेहरा काचेवर राहील, म्हणून आहे तसाच, उजेड तिरपा घेऊन काचेतूनच मोबाईलवर काढला. तेवढ्यात आते म्हणाली की हा फोटो आयेचा नव्हेच. म्हणजे तोंड तिचं, एका लग्नातल्या घोळक्यातून उचललेलं. खालचं नऊवारी, गळ्यातली माळ, खांद्यावरचा पदर हे सगळं फोटोवाल्याने रंगवलं. माळ तिच्याकडे नव्हती. मग तिचा एकटीचा खरा फोटो? मतदान ओळखपत्रावरचा. शाळेत बाकावर बसवून काढलेला, कोणीतरी डोळे उघड म्हणून ओरडल्यासारखा. आत्तापर्यंत मी त्याला हसायचे.

रात्री फॅमिली ग्रुपवर चार फोटो टाकले. अठ्ठावीस जणांनी हात जोडले, एकानेही नाव सांगितलं नाही.

१४ मे, मंगळवार

पत्रं वाचायला बसलो. आतेला चष्म्यानेही शाई दिसत नाही, मी वाचते, ती ऐकते.

आजीला लिहिता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ आज कळला. ट्रंकेतल्या पत्रांत सहा-सात हस्ताक्षरं आहेत. गोलमटोल आहे ते शाळेतल्या गुरुजींचं. एक तिरपं, घाईतलं, ते पोस्टमनचं. तो पत्र वाचून दाखवायचा आणि तिथेच उत्तरही लिहून द्यायचा. १९६० पासून मोठाल्या, रेघेवरून घसरणाऱ्या अक्षरांची कार्डं सुरू होतात. ती ऐकताच आते थांबली. "ह्यां माजां अक्षर. आयेन सांगल्यान, मी लिवलंय." तेव्हा ती दहा वर्षांची.

आणि पत्रं सगळी मुलीच्या नावाने. "तीर्थरूप बाबांस बालिकेचा साष्टांग नमस्कार वि. वि." बायकोने नवऱ्याला लिहायचं ते असं, लेकराच्या तोंडून. आजी सगळ्या पत्रांत "आये म्हणते की" एवढीच आहे. त्या भोकाच्या पत्रात तेवढं "मी काही बोलले नाही" आलंय. लिहिणाऱ्याकडून चुकून राहिलं असेल.

गुरुजींनी शिकवलेला नमुना आतेने इमानाने पाळलाय. सुरुवातीला "इकडील सर्व क्षेम असे" आणि पुढच्याच ओळीत "भात संपला. म्हातारी पडली. पाडी मेली." दोन्ही खरं कसं, असं विचारलं तर म्हणाली, क्षेम लिहिलं नाही तर पत्र चालत नाही. प्रत्येक कार्डाच्या तळाशी, पत्त्याच्या रेघेला टेकेल इतक्या बारीक अक्षरात तिचं स्वतःचं एक मागणं आहे. "मला लाल रिबीन आणा." सलग तीन कार्डांवर. आली का शेवटी?

"इली. पन हिरवी."

मग हे कार्ड निघालं. शिक्का ऑगस्ट १९६१. क्षेम, भात लावून झाला, छत्री दुरुस्त केली, आणि मधेच: "काळी गाय गाभण आहे. माघात व्याईल. काळजी नसावी."

मी पुढे वाचायला लागले तर आते मला थांबवून म्हणाली, "आमच्याकडे काळी गाय कदी न्हवतीच. एक तांबडी होती नि तिची पाडी." मग तिला हसू आलं, ते थांबेना. त्रेसष्ट वर्षांपूर्वी आईने सांगितलं तसं तिने लिहिलं, आणि आज पडवीत बसून तिला त्याचा अर्थ लागला. उघडं कार्ड. पोस्टमन वाचणार, तिकडे खोलीतले दहा-बारा बाप्ये वाचणार, आणि लिहायला बसवलेली अकरा वर्षांची पोरगी. मग काय लिहिणार ती बाई?

बाबांना फोन लावला. त्यांची जन्मतारीख सगळ्या कागदांवर १ जून १९६१. गुरुजींनी शाळेत नाव घालताना शेकडो पोरांना दिली तीच. म्हणजे कार्ड लिहिलं तेव्हा कागदोपत्री त्यांचा जन्म होऊन दोन महिने झाले होते आणि प्रत्यक्षात ते माघात, म्हणजे फेब्रुवारी १९६२ मध्ये यायचे होते. बाबा थोडा वेळ गप्प. मग हिशेब झाला: "म्हणजे ३१ मे २०१९ ला मला घरी बसवलं ते नऊ महिने आधी! नऊ महिन्यांचा पगार खाल्ला गुरुजींनी." त्या संध्याकाळी त्यांच्या खात्यातल्या निम्म्या लोकांचा निरोप समारंभ एकाच वेळी होता आणि हार कमी पडले होते, तेही परत सांगून झालं. रात्रीपर्यंत सगळ्या घरात काळ्या गायीचाच विषय.

हा संकेत दोघांनी ठरवला कधी असेल? आजोबा मे महिन्यात पंधरा दिवस यायचे. घरात सासू, दीर, पोरं. कुठे बोलले असतील? गोठ्यात?

१६ मे, गुरुवार

काल लिहिलं नाही.

जुन्या ढिगातली कार्डं काल क्रमाने लावत होते. काळी गाय अजून दोनदा आहे. दोन्ही गुरुजींच्या गोल अक्षरात. पहिलं ऑक्टोबर १९५७:

"काळी गाय गाभडली. आता उठून चारा खाते. येण्याची घाई करू नये."

दुसरं १९५९ चं, शिक्क्यातला महिना लागत नाही. "काळी गाय पुन्हा गाभडली. काही देणे लागत असल्यास द्यावे, इकडे पैसे नकोत."

आते आणि बाबा यांच्यात बारा वर्षांचं अंतर का, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. मी दोन्ही कार्डं आतेला वाचून दाखवली. आधी एकदाच विचार करायला हवा होता. ती हसली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली की एकदा तिला तीन रात्री काकीकडे निजवलं होतं. आयेला ताप आहे म्हणून सांगितलं. परत आली तेव्हा आये चुलीपुढे बसून पेज ढवळत होती. हे पहिल्या वेळचं की दुसऱ्या, ते तिला सांगता येत नाही.

मग मी डब्यातल्या चिटोऱ्या काढल्या. ऑक्टोबर १९५७ च्या कार्डाला उत्तर काय आलं? नोव्हेंबरची चिटोरी सापडली. दर महिन्याला ३० रुपये यायचे, त्या महिन्यात ४५. मजकुराच्या जागेत एकच ओळ, कॉपिंग पेन्सिलीची, ओल लागून जांभळी पसरलेली: "गायीस पेंड घालावी."

ते १५ रुपये त्यांनी कोणाकडून घेतले असतील कोण जाणे. खोलीतल्या कोणाला वाटलं असेल, गायीवर किती जीव आहे या माणसाचा.

आज सगळं मोबाईलने टिपून झालं. मूळ कागद साध्या कोऱ्या कागदात गुंडाळून, वेखंड घालून स्टीलच्या डब्यात ठेवले. प्लास्टिकच्या पिशव्या नाहीत, या हवेत आत घाम धरतात. वहीत प्रत्येक कागदासमोर वर्ष, अक्षर कोणाचं आणि दोन ओळी सार लिहितेय, म्हणजे पुढच्याला माझ्यासारखं पिन कोडवरून शोधत बसायला नको. या दोन कार्डांपाशी पेन्सिल थांबली. आजीने गुरुजींना कळू दिलं नाही, पोस्टमनला नाही, स्वतःच्या लेकीला नाही. आणि मी ते सरळ मराठीत लिहून अठ्ठावीस जणांना वाचायला देणार. वहीत नुसतं "१९५७, गुरोढोरांविषयी" असं लिहिलं तरी खोटं नाही.

आतेला विचारलं. ती फणस फोडत होती, हात तेलाने माखलेले.

"लिव गो," म्हणाली. "आता खयचो पोस्टमन वाचतलो?"