रिपोर्टमधला ६८

मी रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट आहे. सोलापुरातल्या काही शाळांमध्ये जाते, मुलांच्या टेस्ट घेते, आईवडिलांशी बोलते, आणि खरं सांगायचं तर निम्मा वेळ दुसऱ्यांनी केलेले रिपोर्ट वाचण्यात जातो. हा त्यातलाच एक. मुलाचं नाव व्यंकू धरू, खरं वेगळंय. दुसरीत, वय साडेसात, पूर्व भागातली मराठी माध्यमाची शाळा. वडील यंत्रमागावर, आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला, आजी घरी विड्या वळते. घरात सगळे तेलुगू बोलतात, आणि नेमकी हीच गोष्ट रिपोर्टमध्ये कुठंच नव्हती.

रिपोर्टमध्ये होतं ते असं, आयक्यू ६८, सौम्य बौद्धिक अक्षमता, विशेष शाळेत घालावे. खाली सही, शिक्का. एका खाजगी सेंटरमधून शाळेच्या सांगण्यावरूनच करून आणलेला. हेडमास्तरांचा मला फोन, "मॅडम, रिपोर्ट आलाय, तुम्ही फक्त पालकांना समजावून सांगा, ते दाखला न्यायला तयार होईनात." म्हणजे निकाल लागलेला होता, मी जाऊन तो गोड शब्दात सांगायचा होता.

मला सवय आहे रिपोर्ट मागच्या पानापासून वाचायची. ही टेस्ट म्हणजे मॅलिन यांची आयक्यू टेस्ट, आपल्या नागपुरातच १९६९ साली तयार झालेली, भारतातल्या मुलांसाठी. तिच्यात दोन भाग असतात. एकात बोलून उत्तरं द्यायची, शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींत सारखं काय, असलं. दुसऱ्यात हाताने करायचं, ठोकळे जुळवा, चित्रात काय राहिलंय ते दाखवा, वाट शोधा. दोन्हीची सरासरी म्हणजे आयक्यू. मागच्या पानावर बारीक अक्षरात व्यंकूचे दोन आकडे होते, बोलायचा भाग ४९ आणि हाताचा भाग ८७. ४९ आणि ८७ ची सरासरी ६८ येते, गणित बरोबरच आहे हो, पण एवढं अंतर दिसल्यावर ज्याला शिकवलंय तो माणूस सरासरी काढून गप्प बसत नाही, तो आधी विचारतो की बाबा टेस्ट कुठल्या भाषेत घेतली? दुसरं म्हणजे रिपोर्टमध्ये व्हीएसएमएस नव्हतंच. हे म्हणजे मूल रोजच्या जगण्यात काय काय करतं ते घरच्यांना विचारून काढायचा स्कोअर. नुसत्या आयक्यूवरून बौद्धिक अक्षमता म्हणता येत नाही, आणि केंद्राच्या २०१८ च्या गाईडलाईनमध्ये तर दिव्यांगत्वाची टक्केवारी या व्हीएसएमएसवरूनच काढायची होती, ५५ ते ६९ आला तर ५० टक्के, ७० ते ८४ आला तर २५. आता ते केलंच नाही तर "सौम्य" कशावरून ठरवलं?

तीच टेस्ट लगेच परत घेण्यात अर्थ नसतो, मुलाला प्रश्न आठवतात. म्हणून व्हीएसएमएस करायला मी सकाळी त्यांच्या घरीच गेले. वडील नाईट शिफ्ट करून झोपले होते, आई कामावर. आजी दारातच बसलेली, मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, हात चालूच. बोलताना एकदासुद्धा हाताकडे बघत नव्हती. व्यंकू शेजारी बसून वळलेल्या विड्यांची बंडलं रचत होता. (मुलांना या कामात घेऊ नये, तंबाखूची धूळ वाईट, ते मी आजीला सांगितलं, तिने मान हलवली आणि पोरगं तिथंच बसलं.)

आजीला मराठी येतं, सोलापुरी मराठी. आंघोळ स्वतः करतो का, दुकानातनं सामान आणतो का, सुट्टे पैसे कळतात का, रस्ता एकटा ओलांडतो का, मी विचारत गेले आणि ती सांगत गेली, "आणतो की ओ, माझ्या गोळ्यासुद्धा तोच आणायलाय मेडिकलमधनं, पुडीचा रंग बघून सांगतो आव्वा ही रात्रीची." मी लिहून घेतलं. मग सहज व्यंकूला मराठीत विचारलं, किती बंडलं झाली रे? तो माझ्याकडे बघत राहिला, अगदी तसाच जसा त्या टेस्टला बसला असणार. आजी मान वर न करता म्हणाली, "एन्नि रा?"

"इरवै रेंडु." बावीस.

मला तेलुगू बोलता येत नाही पण आकडे कळतात, सोलापुरात राहून तेवढं येतंच. एका बंडलात पंचवीस विड्या आणि हजार विड्यांवर मजुरी, म्हणजे चाळीस बंडलं. मी आजीला म्हटलं, विचारा त्याला, हजाराला अजून किती लागतील. तिने विचारलं. बोटं नाही मोजली, वर बघितलं नाही, बंडल ठेवता ठेवताच म्हणाला, "पद्देनिमिदि." अठरा. दुसरीतलं पोरगं, ज्याच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे "संख्याज्ञान नाही" लिहिलंय. व्हीएसएमएसचा स्कोअर ९४ आला.

आता इथं कुणाला वाटेल की झालं, पोरगं हुशार, शाळा वाईट, गोष्ट संपली. तसं नाहीये. मी बालभारतीचं पुस्तक काढलं तर त्याला क येतो, म येतो, ळ येतो, पण कमळ येत नाही. तीन अक्षरं तीन ठिकाणी राहतात, जोडली जातच नाहीत. दुसरी संपत आलेली असताना हे नुसतं "घरात तेलुगू आहे" म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच वर्गात तेलुगू घरची निम्मी पोरं आहेत आणि त्यातली बरीचशी वाचतात. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्यापुरतीच असलेली लर्निंग डिसॅबिलिटी, असेल का? असू शकतो. पण २०१८ च्या त्याच गाईडलाईनप्रमाणे लर्निंग डिसॅबिलिटीचं सर्टिफिकेट आठ वर्षांच्या आधी द्यायचंच नव्हतं, आणि आधी डोळे-कान तपासायचे असतात, जे कुणीच तपासले नव्हते. शिवाय ज्याला कधी नीट जोडाक्षर सोडाच, साधी अक्षरजोडणीसुद्धा एकट्याला बसवून शिकवलेली नाही त्याला वाचता येत नाही यावरून मेंदूबद्दल काय सांगणार? आधी शिकवा, तीन-चार महिने रोज, मग बघू काय उरतं. जे उरेल ते खरं.

दुपारी शाळेत. हेडमास्तर, वर्गाच्या बाई, झोपेतून उठून आलेले वडील आणि मी. सरांनी परत तेच, आमच्याकडे विशेष शिक्षक नाही, त्याचंच नुकसान होतंय. मी म्हटलं सर, एक मिनिट धरून चालू की रिपोर्ट बरोबर आहे, तरीसुद्धा दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कलम ३१ आहे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत शिकायचं की विशेष शाळेत ते मूल आणि पालक ठरवणार, शाळा नाही. आणि हा कागद सर्टिफिकेट नाहीच, सर्टिफिकेट सरकारी दवाखान्यातल्या बोर्डाकडून येतं. सर गप्प. ते काही राक्षस नाहीत, पट टिकवायचा, निकाल दाखवायचा, वरून चाचण्या येतात त्यात असलं एक पोरगं आलं की टक्केवारी पडते, हे मला कळतं. पण ते मुलाच्या डोक्यावर का फोडायचं.

बाईंनी मात्र मला चकित केलं. पंढरपूरकडच्या, तेलुगूचा गंध नाही, पन्नास पोरांचा वर्ग. त्यांनी वही उघडून सरळ विचारलं, "सोमवारपासून मी नक्की काय करू ते सांगा, बाकीचं राहू द्या." मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं, रोज मधल्या सुट्टीआधी पंधरा मिनिटं, आधी दोनच अक्षरांचे शब्द, बिनकान्याचे, तोंडाने आवाज जोडायचे आणि मगच पाटीवर. सूचना दिली की शेजारच्या तेलुगू मुलीने एकदा त्याच्या भाषेत सांगायची. गणित तोंडी घ्यायचं.

आणि मग वडील बोलले. तोवर एक शब्द नाही. "मॅडम, म्हणजे आता कार्ड मिळत नाही का?"

मला वाटलेलं ते खूश होतील. पण शेजारच्यांनी त्यांना सांगितलं होतं की रिपोर्ट आलाय तर दिव्यांगाचं कार्ड काढ, सरकारी पगार चालू होतो. आठवड्यातनं किती दिवस माग चालतील याचा भरवसा नाही, घरात चार माणसं, त्यात दर महिन्याला ठरलेले पैसे. मला त्या माणसाचा राग नाही आला. पोराला वेडा म्हणलेलं त्यांना नको होतं म्हणूनच दाखला न्यायला तयार नव्हते, आणि त्याच कागदाने दर महिन्याला तेल-तांदूळ येईल हेही त्यांच्या डोक्यात होतं, दोन्ही एकाच वेळी. मी सांगितलं, ४० टक्क्याच्या खाली काही मिळत नाही, आणि याच्या स्कोअरवर बोर्ड शून्य लिहील. पुढे आठ वर्षांचा झाल्यावर वाचायचा त्रास राहिलाच तर ते सर्टिफिकेट जरूर काढू, त्याने दहावीला जास्त वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. "पगार?" पगारासाठी नाही काढायचं ते, म्हटलं. ते "बरं" म्हणाले. पटलं असं नाही वाटलं मला.

डोळे-कान सिव्हिलला तपासून झाले, एका कानात मळ होता तो काढला, बाकी नॉर्मल. बाईंचं चालू आहे. "घर", "मग", "वर" हे येतंय, कमळ अजून अडतंय, तिसरीत जाईपर्यंत कळेल काय ते.

अडकलंय ते वेगळंच. माझा रिपोर्ट जायच्या आधीच शाळेने यूडायसच्या, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या, पोर्टलवर त्याच्या नावापुढे बौद्धिक अक्षमता भरून टाकलं होतं. मी लेखी पत्र दिलंय, नवीन स्कोअर जोडलाय, सरांनी इनवर्ड नंबरही दिला, तरी ते म्हणतात माझ्या लॉगिनला बदल होत नाही, वरच्या ऑफिसातनं करावा लागतो. वरच्या ऑफिसातला ऑपरेटर म्हणतो शाळेने लेटरहेडवर मागणी करावी. लेटरहेड गेलं. आता म्हणतो एंट्री करताना रिपोर्ट लागत नव्हता पण काढताना बोर्डाचं पत्र लागेल, की हा मुलगा दिव्यांग नाही. असं पत्र बोर्ड कुठल्या नमुन्यात देतं, ते विचारायला मी परवा चाललेय.