टीएचएम-एलआरव्ही नजरेआड करा, पण फाइलला हात न लावता

गोप्रो या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं की डीसीआयएम नावाच्या फोल्डरच्या आत १००गोप्रो नावाचा फोल्डर सापडतो आणि त्यात एकेका व्हिडिओमागे तीन-तीन फाइली. मालवण-तारकर्लीला सीझनमध्ये होडी किनाऱ्याला लागली की स्कूबा करून आलेले पर्यटक ओल्या कपड्यांनिशी टेबलासमोर उभे राहतात आणि त्या घाईत भलतीच फाइल पेनड्राइव्हवर जाते. गिऱ्हाईक पुण्याला पोचतं, व्हिडिओ उघडत नाही, मग फोन येतो.

या तिघांत खरा व्हिडिओ एकच, एमपी४. एलआरव्ही ही त्याचीच कमी रेझोल्यूशनची प्रत, कॅमेऱ्याच्या आणि फोनवरच्या ॲपच्या प्रिव्ह्यूसाठी. नवीन मॉडेलांत तिचं नाव जीएलने सुरू होतं. टीएचएम म्हणजे छोटं चित्र, आतून साधी जेपेगच. एलआरव्हीचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातला टिंबानंतरचा भाग, बदलून एमपी४ केलं तर ती चालते, आणि घोटाळा तिथेच होतो: गिऱ्हाइकाला धूसर व्हिडिओ मिळतो आणि दोष कॅमेऱ्याला लागतो. कार्डावर या फाइली असू द्याव्यात. ड्रोनवाल्यांकडे हीच भानगड एलआरएफ आणि एसआरटी या नावांनी असते. त्यातल्या एसआरटीत सेटिंगची आणि जागेची नोंद असू शकते, त्यामुळे ती कचरा समजून उडवू नये.

नको त्या फाइली दिसू न देण्याचे मार्ग बरेच आहेत, पण मुळात प्रकार दोनच. एक, पाहणाऱ्या प्रोग्रॅमला सांगायचं की हे दाखवू नको. दुसरा, फाइलवरच लपवल्याची खूण मारायची. रोजच्या कामाला पहिला घ्यावा. दुसरा वरवर पक्का वाटतो, पण पुढे अंगाशी येतो.

विंडोजच्या एक्स्प्लोररमध्ये ‘हा प्रकार कायमचा लपव’ असं सेटिंग नाही, शोधण्यात वेळ घालवू नका. व्ह्यू डिटेल्सवर ठेवा, टाइप या कॉलमच्या नावावर माउस न्या, उजव्या टोकाला बाण येईल. त्यावर क्लिक केलं की फोल्डरमधले सगळे प्रकार चौकटींसह दिसतात. एमपी४च्या चौकटीत टिक करा, बाकीचे गायब. विंडोजला न कळणारे प्रकार तिथे ‘एलआरव्ही फाइल’, ‘टीएचएम फाइल’ असेच लिहिलेले असतात. फिल्टर चालू असताना कॉलमच्या नावाशेजारी बरोबरची खूण राहते. एवढंच काम असेल तर पुढचं काही लागणार नाही.

सबफोल्डरांतूनही हवं असेल तर सर्च बॉक्स. त्यात ईएक्सटी, कोलन, एमपी४ असं सलग, इंग्रजी अक्षरांत टाइप करा. उलट बाजूने, म्हणजे अमुक सोडून सगळं, हवं असेल तर आधी एनओटी लिहायचं, तेही कॅपिटलमध्ये. स्मॉलमध्ये लिहिलं तर ते साधा शब्द म्हणून शोधलं जातं आणि निकाल रिकामा येतो. पेनड्राइव्हवर हा शोध रेंगाळतो, कारण तिथे इंडेक्स, म्हणजे विंडोजने आधीच करून ठेवलेली फाइलींची सूची, नसतो.

दिवसभर हेच काम असेल तर मात्र एक्स्प्लोररऐवजी टोटल कमांडर हा फाइल मॅनेजर प्रोग्रॅम बरा. कंट्रोल-एफ१२ दाबा आणि चौकटीत स्टार डॉट स्टार, मग उभी रेघ, मग स्टार डॉट एलआरव्ही आणि स्टार डॉट टीएचएम, मध्ये स्पेस सोडून. उभ्या रेघेच्या पुढे जे असेल ते वगळलं जातं. कंट्रोल-एफ१० ने सगळं परत दिसतं. प्रत्येक फोल्डरला कायमचं लागू करायचं असेल तर कॉन्फिगरेशनमधल्या ऑप्शन्समध्ये इग्नोर लिस्ट आहे, एका ओळीत एक प्रकार लिहायचा. फुकटच्या डबल कमांडरमध्येही इग्नोर लिस्ट मिळते. तिचा धोका एवढाच की ती चालू आहे हे माणूस विसरतो आणि महिन्याभराने फाइल हरवली म्हणून हार्ड डिस्क पालथी घालतो. दुकानाच्या कॉम्प्युटरवर दोघं-तिघं बसत असतील तर इग्नोर लिस्टपेक्षा कंट्रोल-एफ१२ बरं.

फिल्टर लावला तरी एक गोष्ट सुटत नाही. लांब व्हिडिओचे कॅमेरा तुकडे करतो, अनेक मॉडेलांवर सुमारे ४ जीबीला एक. नावात जीएक्सनंतरचे पहिले दोन आकडे तुकड्याचे आणि शेवटचे चार व्हिडिओचे: जीएक्स०१००१२ पाठोपाठ जीएक्स०२००१२. नावाप्रमाणे लावलं की आधी सगळे ०१ एकत्र येतात, मग सगळे ०२, म्हणजे एकाच डाइव्हचे दोन भाग यादीत लांब जाऊन पडतात. म्हणून तारखेप्रमाणे लावा.

आता फाइलवर खूण मारण्याचा प्रकार. कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे विंडोजच्या कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, त्या फोल्डरमध्ये जाऊन ॲट्रिब, अधिक चिन्ह आणि एच, स्टार डॉट टीएचएम, स्लॅश एस असं दिलं की आतल्या फोल्डरांसकट सगळ्या टीएचएमवर हिडन ॲट्रिब्यूट, म्हणजे लपवल्याची खूण, लागतो. अधिकच्या जागी वजा दिलं की निघतो. हे त्या घडीला असलेल्या फाइलींनाच लागतं, उद्याच्या कार्डातल्या नव्या फाइली उघड्याच दिसणार. बॅकअपची बॅच फाइल (एकामागून एक कमांड चालवणारी फाइल) कॉपी किंवा एक्सकॉपी या कमांडवर लिहिलेली असेल तर लपवलेल्या फाइली गुपचूप वगळल्या जातात. एक्सकॉपीला त्यासाठी स्लॅश एच द्यावं लागतं. रोबोकॉपी ही कमांड त्या नेते. लग्नाचे फोटो करणारे रॉ फाइलींसोबतच्या (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फोटोंसोबतच्या) एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइली अशा लपवतात, ते सगळ्यात वाईट. रंगाची सगळी दुरुस्ती त्या एक्सएमपीत असते, आणि हिडन फाइलवर पुन्हा लिहायला गेलेल्या काही प्रोग्रॅमना विंडोज ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून परत पाठवतं. फाइल दिसत नसल्यामुळे कारण शोधताना नाकी नऊ येतात.

एक्स्प्लोररमध्ये कंट्रोल-ए मारून कॉपी केलं तर जे दिसतं तेवढंच जातं. पूर्ण फोल्डर उचलला तर लपवलेलंही सोबत जातं. म्हणून गिऱ्हाइकाला द्यायचं ते फिल्टर लावून निवडून, आणि बॅकअप घ्यायचा तो पूर्ण फोल्डरचा.

लिनक्सवर उबंटूचा फाइल मॅनेजर किंवा मिंटचा निमो असेल तर त्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी, हिडन नावाची टेक्स्ट फाइल करा आणि लपवायच्या फाइलींची पूर्ण नावं एका ओळीत एक अशी लिहा. स्टार चालत नाही, आणि मोठ्या-लहान अक्षरांचा फरक धरला जातो. एफ५ दाबलं की त्या जातात, कंट्रोल-एच ने परत दिसतात. अँड्रॉइड फोनवर टिंब-नोमीडिया नावाची रिकामी फाइल ठेवली की तो फोल्डर गॅलरीतून जातो, फाइल मॅनेजरमधून नाही. शिवाय ती प्रकार बघत नाही, फोल्डरमधले सगळेच फोटो-व्हिडिओ झाकते.

लपवाछपवीचा फायदा व्हायरसही घेतात. झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांत फिरून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात. खरे फोल्डर हिडन आणि सिस्टिम अशा दोन्ही खुणा मारून लपवलेले असतात, त्यामुळे एक्स्प्लोररच्या व्ह्यूमधलं नुसतं ‘हिडन आयटम्स’ चालू करून ते दिसत नाहीत. शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरसने स्कॅन, मग कमांड प्रॉम्प्टवर ॲट्रिब, वजा एच, वजा आर, वजा एस, स्लॅश एस, स्लॅश डी, आणि शेवटी ड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, स्टार डॉट स्टार. काही वेळा सगळा डेटा बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सापडतो. तो बाहेर काढून घ्या आणि शॉर्टकट उडवा. याच कारणासाठी व्ह्यूमधलं ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ कायम चालू ठेवावं, नाहीतर बिल.पीडीएफ.ईएक्सई ही फाइल नुसती बिल.पीडीएफ म्हणून समोर येते.

“पेनड्राइव्ह रिकामो दिसता, पण जागाच नाय” ही तक्रार घेऊन कोणी आलं तर आधी विचारा, तो मॅकला लावला होता का. मॅकवर डिलीट केलेल्या फाइली पेनड्राइव्हवरच, टिंबाने सुरू होणाऱ्या ट्रॅशेस नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहतात. हिडन आयटम्स चालू करा, तरीही दिसला नाही तर फोल्डर ऑप्शन्समधली ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ ची टिक तात्पुरती काढा. त्यातलं काही परत हवंय का हे मालकाला विचारून मगच तो फोल्डर डिलीट करा.