मॉक सगळ्यालाच ‘हो’ म्हणतो

पायथनमध्ये टेस्ट लिहिताना खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी ठेवलेला खोटा ऑब्जेक्ट म्हणजे मॉक. पुण्याच्या पीएमपी बससेवेचा बसपास काढून देणारा क्लास आहे असं धरा. त्याला पेमेंट गेटवे लागतो आणि एसएमएस सेवा. दोन्ही कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होतानाच, आत द्या; मग टेस्टमध्ये त्यांच्या जागी मॉक देता येतात. क्लास आतल्या आत गेटवे तयार करत बसला, तर टेस्टमध्ये पॅच करण्यावाचून, म्हणजे तेवढ्यापुरतं ते नाव मॉककडे वळवण्यावाचून, गत्यंतर नाही.

आणि पॅच बहुतेकदा चुकतो तो जागेत. बसपास मॉड्यूलने (म्हणजे त्या क्लासच्या फाइलने) ‘फ्रॉम गेटवे इम्पोर्ट...’ असं लिहून फंक्शन घेतलं, की त्या फंक्शनचं नाव बसपासमध्ये बांधलं जातं. त्यानंतर गेटवे मॉड्यूलमधलं नाव बदलून उपयोग नाही, बसपास जुन्यालाच हाक मारत राहतो. नाव जिथे वापरलंय तिथे पॅच करा, जिथे जन्मलंय तिथे नाही.

पायथनमधला साधा मॉक फार गोडबोल्या. नसलेली मेथड बोलवा, चालते. रिटर्न व्हॅल्यू ठरवली नाही, तर दुसरा मॉक परत देतो, आणि तो ‘इफ’मध्ये खराच ठरतो. म्हणजे पैसे कापले गेले का हे न तपासताच पास निघतो आणि टेस्ट हिरवी, म्हणजे यशस्वी! गेटवेमधल्या मेथडचं नाव कुणी बदललं तरी हिरवीच. म्हणून खऱ्या क्लासच्या साच्यातून मॉक बनवणारं क्रिएट_ऑटोस्पेक वापरा, इन्स्टन्स=ट्रू देऊन, म्हणजे मॉक क्लासचा नाही, त्याच्या ऑब्जेक्टचा होतो. मग नसलेली मेथड किंवा चुकीचे आर्ग्युमेंट्स लगेच पकडले जातात. एक खोच आहे: ऑटोस्पेक क्लास बघतो, त्यामुळे इनिटमध्ये, म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये, जन्मणारे अ‍ॅट्रिब्यूट त्याला दिसत नाहीत. ते हाताने द्यावे लागतात.

पैसे अडकल्याची टेस्ट हवीच. गेटवेच्या मॉकमध्ये साइड_इफेक्टला टाइमआउटचं एक्सेप्शन द्या, म्हणजे हाक मारताच ते फेकलं जाईल, आणि एसएमएस गेला नाही हे अ‍ॅसर्ट_नॉट_कॉल्डने बघा. पासची किंमत काढणारा साधा क्लास मात्र मॉक करू नका. तो खराच वापरा. नाहीतर टेस्ट तुमच्याच मॉकची होते.

आता तारीख. आजची तारीख देणारं डेट.टुडे थेट पॅच करायला गेलात तर टाइपएरर येतो, कारण डेट हा सी भाषेत लिहिलेला टाइप आहे. ‘आज’ सांगणारं फंक्शनही कन्स्ट्रक्टरमधूनच द्या. पुण्यात रात्री 12 ते पहाटे 5:30 पर्यंत यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत आदल्या दिवसाची तारीख असते. टेस्ट चालवणारा बिल्ड सर्व्हर यूटीसीवर असला, की 1 तारखेपासून सुरू होणारा पास तेवढे साडेपाच तास गेल्या महिन्यात जातो. टेस्टमध्ये ती वेळ स्वतः द्या, सर्व्हरच्या घड्याळावर सोडू नका.