सगळ्या ओव्या एकाच तारखेच्या

सेलूजवळच्या एका गावात रिटायर्ड गुरुजींचा कॉम्प्युटर बघायला गेलो होतो. तक्रार अशी की नवीन टाइप केलेल्या फाईली गायब होतात आणि वेबसाईटी उघडत नाहीत. माझ्या आधी येऊन गेलेल्यानं हार्डडिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागंल असं सांगून ठेवलेलं. आमच्या धंद्यात हे फॉरमॅटचं खूळ लई वाईट आहे, आधी बघायचं नाही, डायरेक्ट पुसायचं.

कॉम्प्युटर चालू केला तर एरर आला आणि गुरुजींनी लगेच एफ1 दाबलं. म्हणले, "हे रोजचंच हाय, दाबलं की चालू होतंय." तिथंच मला कळलं. कोपऱ्यात तारीख 1 जानेवारी 2009. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल, म्हणजे कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी, काढून मीटर लावला, 3 व्होल्टच्या जागी 2 सुद्धा दाखवत नव्हता. पण गुरुजी म्हणायचे उन्हाळ्यात असं होत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. भिंतीवरच्या बोर्डाचं बटन चालू असलं की कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून, 5 व्होल्ट स्टँडबाय येत राहतो, घड्याळ त्याच्यावर चालतं, सेलची गरजच पडत नाही. पावसाळा लागला की आपल्याकडं विजा पडतात म्हणून गुरुजी रात्री पिनच काढून ठेवायचे, मग सगळा भार मेलेल्या सेलवर, आणि दरवेळी घड्याळ परत 1 जानेवारी 2009 च्या रात्री बारापासून सुरू. वेबसाईटी पण त्याच्यामुळंच अडल्या होत्या, 2009 च्या तारखेला वेबसाईटचं आजचं सुरक्षा सर्टिफिकेट चालत नाही. आणि फरक 15 तासांच्या वर गेला की विंडोज स्वतःहून नेटवरून वेळ जुळवत नाही, इथं तर वर्षांचा फरक.

फाईली एक पण गेली नव्हती. फोल्डर तारखेवर लावलेलं, नवीन सगळ्या पार तळाला, 2009 च्या एकाच रात्रीत बारा ते चारच्या मधी कोंबलेल्या. फॉरमॅट मारला असता तर काय झालं असतं ह्याचा विचार अजून जात नाही डोक्यातून.

पण खरी अडचण पुढं निघाली. गुरुजी गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करायलेत. कोणत्या दिवशी कोण येऊन सांगून गेली ते डायरीत, ओवी कॉम्प्युटरमधी, दोन्हीला जोडणारी फक्त तारीख. आता डायरीत नावं आहेत, फाईलीत ओव्या आहेत आणि कोणाची कोणती ते कळंना. त्यातल्या काही आज्या आता राहिल्या पण नाहीत, त्यांना विचारायचं कसं?

सेल चाळीस-पन्नास रुपयांचा, तो बसवला, तारीख लावली, ते काम तिथंच संपलं. मी आता इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज स्वतः ठेवतं ती नोंदवही, काढून बसलोय. घड्याळ कितीबी मागं गेलं तरी तिथल्या नोंदींचे क्रमांक चढतेच राहतात, म्हणजे मशीन कोणत्या क्रमानं चालू-बंद झालं आणि दरवेळी किती वेळ चाललं ते निघतं. साडेतीनला सेव्ह झालेली फाईल निदान साडेतीन तास चाललेल्या बैठकीतलीच असणार, आणि तेवढ्या लांब बैठका थोड्याच आहेत. त्या डायरीशी जुळायल्यात. अर्ध्या तासाच्या बैठका मात्र ढिगानं आहेत, त्याच्यात अडकलोय.

गुरुजींना सांगून ठेवलंय की जुन्या फाईली वाचायच्या तर मी काढून दिलेल्या कॉपीतून वाचा, मूळ फाईलीत एक कानामात्रा सुद्धा दुरुस्त करून सेव्ह करू नका, कारण सेव्ह केलं की ती 2009 ची वेळ पण पुसली जाईल.