कृष्णेच्या मळीतले भरीत

ऑक्टोबरात मला टायफॉइड झाला आणि त्यानंतरचे जवळजवळ दोन महिने मी मऊ भात, मुगाचे वरण आणि उकडलेला दुधी यांवर काढले. तोंडाची चव पार गेली होती, तरीही अंथरुणावर पडल्या पडल्या एकाच पदार्थाची आठवण पुन्हा पुन्हा येत असे. तो म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे, दही घातलेले भरीत. माझी आजी मिरजेकडची. कृष्णाकाठची वांगी मिळाली नाहीत तर ती भरिताचा बेतच रद्द करीत असे. जानेवारीत डॉक्टरांनी पथ्य उठवले तेव्हा पत्नी म्हणाली, "एवढी आठवण येते आहे, तर नदीच्या काठाकाठानेच जाऊन खाऊन येऊ." दुसऱ्याच आठवड्यात आम्ही पुण्याहून गाडी काढली.

पहिला मुक्काम वाईला केला. जुन्या महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारी कृष्णा येथे घाटांवरून शांतपणे वाहते. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले. त्याची नदीकडची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगते आणि गाभारा शाबूत राहतो. नदीचा धाक आणि नदीची माया ही दोन्ही मनात धरून बांधलेली ती भिंत मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. पुढच्या प्रवासात तिची आठवण येणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

साताऱ्याला कंदी पेढे घेतले. दुपारी महामार्गावरच्या एका मोठ्या हॉटेलात 'गावरान थाळी' अशी पाटी पाहून थांबलो, आणि त्या थांबण्याचा मला अजूनही राग येतो. पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर समोर आलेल्या भरितावर बोटभर तेलाचा लाल तवंग होता, त्यात गरम मसाला होता आणि वांग्याला धुराचा वासही नव्हता. दोन महिने ज्याची वाट पाहिली त्याचा पहिला घास असा निघावा, याचे मला मनापासून वाईट वाटले आणि मी ताट तसेच सोडून उठलो. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात तेथे, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ, अर्धा तास बसलो तेव्हा कुठे मन ताळ्यावर आले.

तेथून आम्ही महामार्ग सोडला आणि ताकारी, भिलवडीच्या बाजूने नदी धरून निघालो. उसाच्या तोडणीचे दिवस होते. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चालत होते आणि दोन्ही बाजूंना उसाखेरीज दुसरे काही दिसत नव्हते. ज्या काठाच्या वांग्यांचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाते, त्या काठावर वांग्याचे झाड शोधावे लागते, हे दृश्य मला खटकले. औदुंबरच्या अलीकडे एके ठिकाणी नदीकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी एक बाई वांग्यांची पाटी घेऊन बसलेल्या दिसल्या. वय साठीच्या पुढचे असावे. वांगी पांढरट हिरवी, रेघांची आणि देठाला बारीक काटे असलेली होती. मी एक उचलले, तर ते आकाराच्या मानाने हलके लागले.

"ही कुठली हो, मावशी?" मी विचारले.

"मळीतली हायती. जवारी. पाणी वसरलं की लावायची." त्यांनी हातानेच खालची जमीन दाखवली.

पुराचे पाणी चढते आणि ओसरताना गाळ सोडून जाते, त्या काठच्या जमिनीला इकडे मळी म्हणतात, आणि जवारी म्हणजे गावठी वाण. 2019 च्या महापुरात ती सगळी पट्टी पाण्याखाली होती आणि त्यांच्या घरातही छातीएवढे पाणी होते, असे त्यांनी सांगितले. ज्या पुराने घर नासवले त्याच्याच गाळात ही वांगी पोसली जातात, हे त्या तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या. मला वाईची ती भिंत आठवली.

भरितासाठी कोणती घ्यावीत, असे पत्नीने विचारले आणि बोलता बोलता माझ्या आजारपणाची हकिकतही तिने सांगून टाकली. बाई उठल्याच. "मग हितंच खावा की, पाव्हणं. चूल पेटलीच हाय. चार घास खाऊन जावा."

घर शंभर पावलांवर होते. त्यांनी दोन वांग्यांना सुरीने टोचले, एकेका चिरेत लसणाची पाकळी खुपसली, तेलाचा हात फिरवला आणि चुलीतले निखारे पुढे ओढून त्यांवर वांगी ठेवली. देठाला धरून त्या ती हळूहळू फिरवीत होत्या. साल काळी पडून तडकली, तडकलेल्या जागेतून रस निखाऱ्यावर ठिबकून चर्र झाला आणि त्या वासानेच माझ्या तोंडाला कित्येक आठवड्यांनी पाणी सुटले. त्याच निखाऱ्यांत दोन हिरव्या मिरच्या भाजल्या. बोटे पाण्यात बुडवून साल उतरवली तेव्हा आतला गर लोण्यासारखा पांढरा निघाला आणि बिया जेमतेम दिसत होत्या. तो त्यांनी हातानेच कुस्करला. बुक्कीने फोडलेला कांदा, भरड शेंगदाण्याचे कूट, मीठ, कोथिंबीर, घट्ट दही आणि वरून कच्च्या तेलाची धार, एवढेच त्यात पडले. फोडणी नाही, मसाला नाही. सून शाळूच्या भाकरी थापत होती आणि तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी करून फुगवीत होती.

पहिला घास खाल्ला आणि मी काही बोलू शकलो नाही. धुराचा वास आधी येतो, मग दह्याचा गारवा, मग वांग्याची गोडी, आणि मिरची सर्वांत शेवटी जाणवते. मी दीड भाकरी खाल्ली. आजारपणानंतर जेवण संपल्याचे वाईट वाटावे असे प्रथमच घडले.

निघताना मी दोनशे रुपये पुढे केले, आणि त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. बाईंनी हात मागे घेतला. "जेवणाचं पैसं घेत्यात व्हय कुणी?" एवढेच त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. मग पत्नीने दीड किलो वांगी मागितली. त्यांनी ती तागडीत तोलली, वर एक वांगे घातले आणि साठ रुपये किलोप्रमाणे नव्वद रुपये मोजून घेतले. माल विकायचा आणि जेवण वाढायचे, यांतला फरक त्यांना मला शब्दांत समजावून सांगावा लागला नाही. त्यांच्या गावाचे नाव मी म्हणूनच लिहीत नाही. ते खाणावळीचे ठिकाण नाही, कुणाचे तरी घर आहे.

सांगलीला भडंग घेतले, आयर्विन पुलावरून सूर्यास्त पाहिला. दुसऱ्या दिवशी कृष्णा आणि पंचगंगा मिळतात त्या नरसोबाच्या वाडीला दत्तपादुकांचे दर्शन घेतले आणि कवठाची बर्फी बांधून घेतली. बासुंदी उत्तम होती, मात्र गर्दी इतकी होती की ती उभ्यानेच संपवावी लागली.

पुण्यात पोहोचल्यावर त्याच रात्री एक वांगे गॅसवर जाळी ठेवून भाजले. साल तशीच तडकली, गर तसाच पांढरा निघाला, फक्त धुराचा वास आला नाही. पत्नीने कोळशाचा एक निखारा वाटीत ठेवून त्यावर तेल सोडले आणि भरितावर झाकण घातले. उरलेली वांगी आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहेत आणि रोज एक भाजतो आहोत.