पिंग घराबाहेर पडतच नव्हतं

शनिवारी सकाळी व्हीपीएन (ग्राहकाच्या नेटवर्कात शिरायचा खासगी रस्ता) जोडलेलं दिसत होतं, पण ग्राहकाच्या १७२.१७.४०.१२ या सर्व्हरला पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, काही पोचेना. त्यांच्या नेटवर्कवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "भैया, आपकी साइड से है." इंदूरात हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

तासाभराने पिंगची ओळ नीट वाचली. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं सांगणारा पत्ता होता १७२.१७.०.१, म्हणजे माझाच लॅपटॉप! पिंग लोकमान्य नगर सोडा, घरातल्या राउटरपर्यंतसुद्धा गेलं नव्हतं.

कुठला पत्ता कुठल्या रस्त्याने जातो ते दाखवणारं 'आयपी राउट' पाहिलं. डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत (कंटेनरमध्ये) चालवणारं सॉफ्टवेअर. त्याने डॉकर-झीरो या ब्रिजसाठी, म्हणजे कंटेनर जोडायच्या लॅपटॉपमधल्याच नेटवर्कसाठी, १७२.१७.०.०/१६ हा पट्टा बळकावलेला, व्हीपीएनचा रस्ता १७२.१६.०.०/१२. तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितका पट्टा लहान. दोन्हींत पत्ता बसत असेल तर लिनक्स जास्त नेमका, म्हणजे /१६ वालाच धरतो. ब्रिजवर कंटेनर एकुलता एक, आणि अडवलेले पत्ते ६५,५३६!

आता डॉकरला हलवायचं कुठे? घरचं राउटर १९२.१६८ मध्ये, ग्राहक १७२ मध्ये; व्हीपीएन १० ला हात लावत नाही हे बघून तेच घेतलं. ईटीसीमधल्या डॉकर फोल्डरात डीमन.जेसन फाइलमध्ये 'बीआयपी' म्हणून १०.२०१.०.१/२४ लिहिलं. शेवटी .१ लिहिलं, कारण इथे नेटवर्कचा नाही, ब्रिजचा स्वतःचा पत्ता द्यायचा असतो. रीस्टार्ट केलं तर डॉकर उठेचना. जर्नल, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, उघडलं: फाइलमध्ये शेवटच्या ओळीनंतर एक स्वल्पविराम जास्तीचा. तोवर आईने पोहे दोनदा गरम केले होते.

पिंग गेलं. पण त्यांचा दुसरा सर्व्हर, १७२.१८ मधला, तसाच मुका. कम्पोझने (अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकरच्या साधनाने) बनवलेली नेटवर्कं बीआयपीला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी 'डिफॉल्ट-अ‍ॅड्रेस-पूल्स' वेगळं द्यावं लागतं. तिथे १०.२०२.०.०/१६ दिलं, साइझ २४, म्हणजे प्रत्येक नेटवर्कला त्यातला /२४ चा एक तुकडा. तरीही फरक शून्य, कारण आधीच बनलेलं नेटवर्क जुनाच पत्ता धरून बसतं. कंटेनर आणि नेटवर्क पाडून टाकणारं 'कम्पोझ डाउन' करणं भाग होतं आणि डेटाबेसच्या भीतीने माझा हात थबकला. कमांडला 'व्ही' जोडला नाही तर नाव दिलेले व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवायच्या जागा, जात नाहीत, हे माहीत असूनही आधी डेटाबेसचा डंप (पूर्ण नक्कल) काढून ठेवला.

डाउन, अप, पिंग. उत्तर आलं.

त्या भैयाला फोन करून सांगणं मात्र अजून राहिलंय.